घोंगड्यानं अडवलेला धबधबा

आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या, की खरं बोलायची वेळ आली तेव्हा ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही. मी तरसाच्या कानाखाली वाजवली होती हे माझ्या नातवंडांना पटतं. जतच्या उन्हात तापलेल्या खडकावर भाकरी भाजली हेही पटतं (भाजली होती, एका बाजूनं कच्ची राहिली ते मी सांगत नाही). पण एकदा मी एक अख्खा धबधबा बंद केला होता असं म्हटलं, की मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणतात, "आज्जी, आता पुरे." म्हणून हे प्रकरण. यात जिथं वाढवून सांगेन तिथं तसं कबूल करीन, आणि जिथं कबूल करणार नाही तिथं ते खरं समजावं.

माझं नाव गंगू. जतच्या पूर्वेला, जिथं बांधावर उभं राहून शिंकलं तर कर्नाटकातला माणूस तोंड पुसतो, तिथं पोरीचं नाव गंगू ठेवणं म्हणजे टकलाला गजरा माळणं. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. त्याचा आवाज माळापलीकडून आला की आधी घागरी वाजायच्या, मग बायका, मग कुत्री. माझे आप्पा मेंढरं राखायचे. आव्वा, म्हणजे आई, उंबऱ्यात बसून लोकर कातायची, आणि तिच्या चातीची घरघर हीच आमच्या घरातली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि तिखट एवढं, की मेंढरं सुद्धा आमच्या दारातून जाताना शिंकायची. आणि बादली एक. त्या एका बादलीचे तीन टप्पे होते. आधी वरचं निवळ पाणी प्यायला काढायचं, मग उरलेल्यात अंग धुवायचं, मग अंगाखाली घमेलं ठेवून साठवलेलं ते पाणी मेंढरांच्या डोणीत. पाण्यात पाय घालणं हे आमच्याकडं देवावर पाय देण्यासारखं. एकदा मी भरल्या घमेल्यात नुसता अंगठा बुडवला, तर आव्वानं पळीनं असा चटका दिला की त्या अंगठ्याला अजून पावसाची चाहूल आधी लागते.

मला एकच बहीण, शेवंता. माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी, म्हणून अक्का. आमची मावशी पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत दिलेली. काका मिलिटरीत, घरात मूलबाळ नाही, म्हणून मावशीनं सोबतीला एक पोर मागितली. आव्वानं सांगितलं, आधी दोन वर्षं थोरली येईल, मग दोन वर्षं धाकटी. अक्का गेली आणि तिची कार्डं यायला लागली. 'आज आम्ही पाण्यात पोहलो. काल पण पोहलो. उद्या पण पोहणार.' शाळेतली पोरं कार्डावर क्षेमकुशल लिहायची, आणि ही माझ्या जखमेवर तिखट लिहायची. मी ती कार्डं आप्पांना वाचून दाखवायचे तेव्हा 'पोहलो' हा शब्द गाळायचे. 'आज आम्ही पाण्यात' एवढंच वाचून थांबायचे. आप्पा काळजीनं विचारायचे, "पान्यात काय? पडली का काय पोर?" मी म्हणायचे, "फुडं पुसलंय."

दोन वर्षं मी मोजली. दिवस मोजायला घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. भिंत संपली, शेजाऱ्यांची घेतली. माघात आप्पा मला घेऊन निघाले तेव्हा माझं गाठोडं माझ्यापेक्षा मोठं होतं, कारण मी राहायलाच निघाले होते. आव्वानं आप्पांच्या खांद्यावर एक नवं घोंगडं दिलं. कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ काळी लोकर, काठाला पांढरी रेघ, सगळा उन्हाळा खपून तिनं सूत कातलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी. आव्वा म्हणाली, "शेवंताला द्या. तिकडं गारठा लय." एस.टी.त मिरज गेलं, कऱ्हाड गेलं, आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा. शेवंता तर आता परत येणार. घरी येणाऱ्या पोरीला घोंगडं कोण पाठवतं?

वाडीत पोचलो तेव्हा आधी आवाज आला. मला वाटलं, शंभर टँकर एकदम आलेत. कारवीच्या झुडपांतून वाट वळली, आणि समोर तो. जांभळीच्या आणि उंबरांच्या गर्दीतून खडकाच्या तीन पायऱ्या उतरत येणारा ओढा, आणि प्रत्येक पायरीवर खडकातच कोरलेला एकेक डोह, हिरवागार, गोल, कुंभारानं रांजण करून ठेवावा तसा. प्रत्येक पायरी वीस पुरुष उंच. बरं, दोन पुरुष. आप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिले. नंतर मावशीकडं वळून अगदी काळजीनं म्हणाले, "कुनी सोडलंय गं हे? बंद करायला सांग की. सगळं वाया चाललंय."

मावशी पदर तोंडात कोंबून हसली. अक्काही हसली. अक्का उंच झाली होती, गालावर तेज आलं होतं, केस ओले होते. भर दुपारी, बिनकामाचे, नुसते ओले केस! मी आप्पांवर हसले नाही. मला वाटलं, बरोबरच विचारलं त्यांनी.

मावशीच्या घरी चुलीवर खेकड्यांचा रस्सा रटरटत होता, ताटात भात होता, आणि तांब्यातलं पाणी कुणी झाकून ठेवलं नव्हतं. मावशीनं ताट धुतलेलं पाणी सरळ अंगणात भिरकावलं. मी घमेलं शोधायला उठले. रात्रंदिवस तो आवाज घरात होताच, जात्यामागं, बोलण्यामागं, आणि त्या माणसांना तो ऐकूही येत नव्हता. एवढी श्रीमंती, की ऐकू येऊ नये!

दुसऱ्या दिवशी अक्कानं मला डोह दाखवले. वरचा देवाचा, तिथलं पाणी फक्त प्यायचं. मधला माणसांचा, पोहायचा. खालचा गुराढोरांचा. म्हणजे आमच्या बादलीचाच हिशेब, पण इथं देवानं स्वतः मांडलेला. अक्का वरच्या खडकावरून मधल्या डोहात सूर मारायची, तळाचा गोटा मुठीत घेऊन वर यायची आणि केस झटकायची. मी काठावर उकिडवी बसून तांब्यानं अंगावर पाणी घेत होते, आणि सवयीनं बुडाखाली मावशीचं घमेलं ठेवलं होतं.

"अगं उतर की पान्यात," अक्का म्हणाली.

"पाय कसं घालू पान्यात?"

"मग काय डोकं घालतीस आधी?" वाडीच्या पोरी एवढ्या हसल्या की झाडावरची माकडं उठून गेली. मी म्हणाले, "आमच्या जतला याच्या दुप्पट धबधबा हाय. फकस्त आमी त्यो रोज सोडत न्हाई. सणाला सोडतो." अक्का पण जतचीच हे विसरले. ती पाण्यात पाठीवर तरंगत हसली, आणि तसं तरंगताना तिचं पोट, तिचे पाय, तिची सगळी काया त्या पाण्यानं अशी अलगद धरली होती, की मला वाटलं, आव्वानं मला असं कधी धरलं होतं का.

मग तिनं वर बोट केलं आणि मला बजावलं. "गंगे, वरच्या डोहात काय खेळ करू नगंस. तिथं धारंला आडवा दगुड सुदिक ठेवायचा न्हाई. ज्यानं पानी आडवलं त्यानं वाडी सोडायची. एकानं शेताला पाट काढाय दोन दगडं लावली व्हती, तर त्याला डोंगरापल्याड जाऊन ऱ्हावं लागलं. तातोबा आजा लय कडक हाय." तातोबा आजा म्हणजे देवाचं बघणारा वाडीतला म्हातारा. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी घोंगड्याचा उलगडा झाला. मावशी म्हणाली, "शेवंताची शाळा बरी चाललीया. सातवी हुईस्तवर इथंच ऱ्हाऊ दे. गंगू चार दिस ऱ्हाईल नि जाईल आप्पांसंगं." आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "व्हय, ठरलंयच तसं." ठरलं होतं! आव्वाला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, घोंगड्याला माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं. घोंगडं छातीशी धरून अक्का काठाची पांढरी रेघ बोटानं चाचपत बसली. मला वाटलं, मिरवते आहे. आज हे लिहिताना त्या बोटाची चाल आठवते, आणि ती मिरवणारी नव्हती एवढं कळतं. पण मत्सराला डोळे असतात ते फक्त दुसऱ्याच्या ताटात बघण्यापुरते.

सकाळी मावशी भाकरीला बसली, आप्पा तंबाखू मळत ओसरीत होते, अक्का मधल्या डोहावर गेली. मी खुंटीवरचं तिचं घोंगडं काढलं आणि करवंदीच्या जाळीतून सरळ वरच्या डोहावर. माझा बेत साधा होता. पाणी अडवायचं, तिथं अक्काचं घोंगडं सापडायचं, अक्कानं वाडी सोडायची, मी राहायचं. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एवढा मोठा कपटाचा कारखाना मावतो यावर माझ्या नातवंडांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं कपट मोबाईलबरोबर आलं.

वरचा डोह भरून जिथून पाणी खाली पडत होतं तिथं खडकाला एक खाच होती, माझे दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडांना बोटं लागतील एवढी. माघातलं पाणी, घोट्याएवढं खोल. पोहणं मला येत नव्हतं, पण बांध घालणं आमच्या रक्तात. जतचा माणूस पावसाचा थेंब पडताना खाली बांध घालून बसतो. दगड रचले, फटींत मुळांसकट उपटलेलं गवत कोंबलं, वरून चिखल थापला, तरी पाझर राहिलाच. मग आप्पा शेताच्या फुटक्या बांधाला करायचे तसं केलं. घोंगड्याची वळकटी करून आतून दाबून बसवली. ओली लोकर फुगते आणि पाण्याला तोंड देते. धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, सुतळीएवढी झाली, आणि थांबली.

आणि आवाज थांबला. मी सांगताना सांगते की तीन दिवस थांबला होता आणि कोयनेच्या धरणावरून माणसं चौकशीला आली. खरं म्हणजे भाकरी भाजून व्हावी एवढा वेळ. पण त्या एवढ्या वेळात काय झालं ते खरंच आहे. वाडीतली माणसं घराबाहेर आली. ज्यांना तो आवाज जन्मात कधी ऐकू आला नव्हता त्यांना तो थांबलेला ऐकू आला. एक म्हातारी ओरडली, "अगं बया, काय थांबलं गं?" कुत्री गप्प. मावशी पिठाचे हात घेऊन अंगणात उभी. मी वरून सगळं बघत होते, आणि इंद्राचा मला त्या वेळी हेवा वाटला नसता.

मग खाली बघितलं. कातळ उघडा पडला होता, आणि पाण्याच्या पडद्यामागं जी कपार कुणी कधी पाहिली नव्हती ती दिसायला लागली होती. अक्का पोहत तिथं गेली, आणि कपारीच्या तोंडाशी, बरोबर माझ्या खाली, उभी राहिली. त्याच वेळी माझ्या पायाशी बांध फुगला. मधला मोठा दगड हलला. डोह काठोकाठ चढला होता. आता हे सगळं, दगडांसकट, एकदम जाणार आणि तिच्या डोक्यावर जाणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

इथं मी वाढवून सांगणार नाही आणि कमीही करणार नाही. मी गप्प राहिले. एक घास गिळायला लागतो तेवढा वेळ. तेवढ्यात माझ्या मनात आलं, की ही नसली तर शाळा माझी, डोह माझा, आव्वाचं घोंगडं माझं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तो घास अजून पुरता खाली उतरलेला नाही.

मग मी त्या खाचेत पाठ लावून बसले, पाय दोन्ही कडांना रोवले आणि ओरडले, "अक्के, सर! भाईर सर! बांध फुटतोय!" एरवी तिथं तोफ उडाली तरी खाली ऐकू जात नाही. पण धबधबा मीच गप्प केला होता. म्हणून माझी हाक गेली. अक्का बाजूच्या खडकावर झेपावली, आणि माझ्या पाठीमागून सगळा डोह निघाला. दगड, चिखल, गवत, घोंगडं आणि मी. पडताना मला आव्वाचा नियम आठवला आणि मी पाय वर घेतले, पाण्याला लागू नयेत म्हणून. त्यामुळं डोक्यावर पडले. खाली हिरवं, मग काळं. मग कुणीतरी माझी वेणी धरली आणि मुळा उपटावा तसं मला वर काढलं.

काठावर मी पोटभर पाणी ओकत होते तोवर सगळी वाडी जमली. तातोबा आजाच्या हातात ओलं घोंगडं होतं. त्यानं ते काठीवर उचलून धरलं.

"कुनाचं हे?"

बेत तर नेमका जमून आला होता. पण माझ्या वेणीत अजून अक्काची मूठ होती. मी तोंड उघडलं, पाणी आलं. दुसऱ्यांदा उघडलं, आणि मी 'माझं' म्हणणार होते, देवाशपथ म्हणणार होते. तेवढ्यात अक्का पुढं झाली.

"माझं हाय, आजा. पानी मीच आडवलं. ही मला नगं नगं म्हनत व्हती."

मावशी म्हणाली, "शेवंते, काय बोलतीस? तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

"म्हाईत व्हतं मावशे."

"मग रीत बी म्हाईत आसंल," तातोबा आजा म्हणाला. आवाज चढवला नाही. "आप्पा, देवाला नारळ द्या, आन उद्या पोरीला घिऊन जावा. ही धाकटी ऱ्हाऊ दे, हिनं तर जीव घालून फोडलं पानी." म्हणजे मी फोडलं! साऱ्या वाडीनं माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. आप्पा एकटेच माझ्या नखांतला चिखल बघत होते. बांधाचा चिखल ते ओळखत नसते तर कोण ओळखणार. पण ते नारळ आणायला वळले.

सकाळी एस.टी.च्या खिडकीत अक्का बसली, मांडीवर अजून न वाळलेलं घोंगडं. मला वाटलं होतं रडेल. तिचा चेहरा असा फुलला होता, जसा मी तो पाण्यात सुद्धा पाहिला नव्हता. गाडी हलली तशी ती ओरडली, "गंगे, आव्वाला काय सांगू?" आणि तिथं, धबधब्याच्या वाटेवर, जे जे मागितलं ते ते मिळून उभी असताना, मी जळाले. कारण ती आव्वाकडं चालली होती. दोन वर्षं ती कार्डांवर 'पोहलो, पोहलो' लिहीत होती, आणि एकाही कार्डात 'मला घरी न्या' लिहायची तिला सोय नव्हती, हे त्या गाडीच्या धुळीत माझ्या डोक्यात शिरलं. वाडीची रीत तिला माझ्याआधी दोन वर्षं माहीत होती. फक्त पाणी अडवायचं धाडस तिच्याकडं नव्हतं. ते मी जतहून आणलं.

मी तिथं सातवी केली, पुढं शिकले, मास्तरीण झाले. आता सांगलीत विश्रामबागेत राहते, नळ सोडला की पाणी येतं, आणि अजून अंघोळ बसून, तांब्यानं करते. अक्का जतलाच दिली, मेंढरांत आणि ज्वारीत तिचं आयुष्य गेलं, आणि आव्वा शेवटी तिच्याच मांडीवर गेली. त्याचा हेवा मी इथं लिहीत नाही. वही पुरणार नाही.

परवा दोन्ही घरची नातवंडं गाडी करून आम्हांला त्या धबधब्यावर घेऊन गेली. आता तिथं लोखंडी कठडा आहे, मक्याची कणसं मिळतात, आणि मधल्या डोहात पोरं फोटोसाठी उड्या मारतात. अक्का दगडावर बसली आणि पोरांना म्हणाली, "ह्यो धबधबा म्या एकदा बंद क्येला व्हता." मी वाट बघितली, आता म्हणतील 'आज्जी, पुरे'. एकही म्हणालं नाही. सगळी तिच्याभोवती बसली, मोबाईल खिशात घालून! कारण अक्का जन्मात कधी खोटं बोललेली नाही. वाडीतली एक म्हातारी कणसं विकता विकता म्हणाली, "व्हय व्हय, हीच ती पोर. माझ्या आईनं बघितली व्हती." पन्नास वर्षं माझी ती गोष्ट माझ्या अंगणात हिंडत होती आणि दावं मात्र अक्काच्या खुंट्याला.

पोरं पाण्यात गेल्यावर मी तिला म्हणाले, "अक्के, एवढी एकच खरी गोष्ट हाय माझ्याजवळ. ती बी घेतलीस?"

ती पाण्याकडं बघत म्हणाली, "गंगे, तुजी हाक यायच्या आदी म्या वर बघितलं व्हतं. तू उबी व्हतीस. दगुड हलत व्हता."

माझ्या तोंडात कणसाचे दाणे होते, ते तसेच राहिले.

"मग सरली का न्हाईस?"

"बघत व्हते," अक्का म्हणाली, "हाक मारतीस का."

धबधबा चालू होता. कधी नव्हे तो मला मोठ्यानं ऐकू येत होता. अक्कानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "मारलीस की. जरा उशिरा, पन मारलीस. न्हाईतर म्या कशाला म्हनले आस्ते, माझं घोंगडं."

तेवढ्यात माझा धाकटा नातू पाणी निथळत आला. "आज्जी, खरं सांग. धबधबा तू बंद केलास, का मोठ्या आज्जीनं?"

अक्का माझ्याकडं बघायला लागली. तिच्या तोंडावर तेच, त्या दिवशी कपारीत उभं राहून वर बघताना असेल तसं.

मी म्हणाले, "हिनंच. मी नगं नगं म्हनत होते."

नातवाला लगेच पटलं. सगळ्यांना पटलं. परत येताना गाडीत अक्का माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली, आणि मी कऱ्हाडपर्यंत बाहेर बघत बसले. कऱ्हाडनंतर मात्र पोटात दुखायला लागलं. एवढी मोठी गोष्ट, आणि ती तिची? घरी आल्या आल्या वही काढली. तोंडी ती तिची राहू दे. लेखी माझी.